हवेसकट वजन

"बोलू नका! हवा हलंल!"

माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

आम्ही नांदेडहून लातूरला लेकीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मी, माझी बायको शोभा आणि पेढ्यांचा पुडा. दार उघडंच होतं. आत बैठकीच्या मधोमध इस्त्रीचा सदरा घातलेले एक आडदांड गृहस्थ गुडघे टेकून, उताण्या ठेवलेल्या एका मोठ्या स्पीकरवर वाकले होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सुपारीएवढा कणकेचा गोळा. स्पीकरचा तो काळा कागदी कोन असतो ना, त्याच्यावर त्यांनी तो गोळा अशा नजाकतीनं चिकटवला, की माहूरच्या देवीला कुंकू लावतानासुद्धा माणूस इतका हळुवार होत नाही. मग मोबाइलमधून एक घुमारा निघाला. शेजारच्या मीटरवरचा आकडा चढत गेला, मघापेक्षा अलीकडच्याच आकड्यावर थबकला, आणि हे गृहस्थ टाळी वाजवून ओरडले, "उतरला! बगा, सूर खाली उतरला!"

आम्ही दोघं दारातच. हवा हलू नये म्हणून श्वासही बेतानं घेत होतो.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी कावेरीबाई आल्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि कोनावरचा गोळा उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ती पुऱ्यांची कणीक होती. त्या दिवशी पानात पडलेल्या पहिल्या पुरीकडे मी बराच वेळ बघत बसलो. खाल्ली मात्र. चांगली फुगली होती.

तर हे व्यंकटराव. वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. उभी नोकरी त्यांनी लातूरच्या आडत बाजारातले काटे तपासण्यात घालवली. तुरीचा काटा, सोयाबीनचा काटा, सराफाचा काटा, भाजीवालीचं पारडं, कशालाही त्यांनी सोडलं नाही. व्यंकटराव आडतीत शिरले की हमाल पोतं खांद्यावरून उतरवायचं विसरत, असं लातुरात सांगतात. बोलणं इतकं दणदणीत, की त्यांनी घरात 'चहा ठिवा' म्हटलं तर शेजारच्या दोन घरांत आधण चढावं.

आणि त्यांचा एक ठेवणीतला प्रश्न होता: "वजन कबूल. पन कशासकट?"

हा प्रश्न ते कोणालाही, कुठंही विचारत. भाजीवालीला, "मेथीची जुडी कबूल. पन मातीसकट का मातीबगर?" सराफाला, "मंगळसूत्र कबूल. पन लाखेसकट का?" माझ्या लेकीला, अश्विनीला, मुलगी बघायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत गप्पांच्या ओघात वजन विचारलं. ती बिचारी लाजत आकडा बोलली. लगेच इकडून तोफ: "चपलासकट?" शोभानं माझ्याकडे असं पाहिलं, की ही सोयरीक मोडली असंच मला वाटलं. पण अश्विनी खदखदून हसली आणि म्हणाली, "काका, मोबाइलसकट!" व्यंकटरावांनी मांडीवर थाप मारली. "पास! पोरगी पास! हिला हिसाब कळतो!"

मुलगा बघायचा राहूनच गेला होता. तो नंतर बघितला. तोही बरा निघाला.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, मधुमेहावर बोलतात, नातवंडं खेळवतात. व्यंकटराव स्पीकरच्या मागे लागले. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. भंगारवाल्याकडचे, बँडवाल्याकडचे, मोडक्या टीव्हीतले, फुटक्या डब्यांतले असे स्पीकर आणून ते घरभर मांडत. आणि त्यांचा ध्यास एकच: या कोनाचं हलतं वजन किती?

"हलतं वजन म्हणजे?" मी विचारलं. मी शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या विषयात वजन फक्त शब्दाला असतं, आणि तेही राजाच्या.

व्यंकटरावांनी मला समोर बसवलं. "बगा इवाई, स्पीकरमधलं समदं हलत न्हाई. चुंबक जागेवर, लोखंडी सांगाडा जागेवर. हलतो तो ह्यो कोन, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, आन कडंची ही घडी. घडीबी अर्धी हलती, अर्धी न्हाई. आता ह्ये सांगाड्यातून न काढता तोलायचं कसं?"

"कसं?"

"ताणकाटा बगितला का? रिकामा असला की टुकटुक नाचतो. पिशवी अडकिवली की सावकाश डुलतो. तसंच हाय ह्ये. कोनाला त्याचा सोताचा एक सूर असतो. त्याच्यावर माहीत असल्याली कणीक ठिवायची. सूर खाली येतो. किती खाली आला त्याच्यावरून काढायचं, की बिनकणकीचा तो किती जड होता. सुरी न लावता वजन! हाय का न्हाई?"

मी मान हलवली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. वस्तूचं वजन तिच्या सुरावरून काढायचं! आणि तेही पुरीच्या कणकेनं!

पण खरी गंमत पुढं आहे. व्यंकटराव या कणकेच्या युक्तीपर्यंत एकदम पोचले नव्हते. मधे त्यांची एक जंगी फजिती झाली होती, आणि ती ते स्वतःच मिटक्या मारत सांगत.

सुरुवातीला त्यांनी एक कोरा स्पीकर विकत घेतला. सोबत कंपनीचा छापील कागद होता, त्यावर हलतं वजन लिहिलेलं. आता छापील वजन आणि व्यंकटराव एकाच घरात सुखानं कसे नांदणार? त्यांनी सुरी घेतली, स्पीकर फाडला, कोन, वेटोळं, घडीचा अर्धा भाग असं सगळं अलगद कापून रुमालात बांधलं आणि सराफ्यात गेले. सोन्याच्या काट्यावर तोललं. कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी भरलं! पुन्हा तोललं. पुन्हा कमी.

एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. व्यंकटरावांनी तिथल्या तिथं पंचनामा केला. निवृत्त झाले होते, अधिकार संपला होता, पण सवय कुठं जाते? एक पंच सराफ, दुसरा पंच चहावाला. "सदर कंपनी वजनात खोट करते" असं ते भर सराफ्यात गरजले. चहावाल्यानं सही केली आणि विचारलं, "पन साहेब, ह्ये नेमकं काय हाय?"

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. इकडून तिकडं करत फोन एका इंजिनिअर बाईंपर्यंत पोचला. व्यंकटरावांनी आरोप वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, हवा तोललीत का?"

"आवो इवाई," व्यंकटराव मला सांगत होते, "नोकरीत आमदार आडवा आला, मंत्र्याचा मेव्हणा आडवा आला, मी कुनाम्होरं गप झालो न्हाई. पन त्या माउलीनं माजी बोलती बंद केली!"

त्यांनी उठून स्वयंपाकघरातून सूप आणलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये तलवारीवानी, धारेवर हलवा. झपझप." मी हलवलं. हलकं होतं. "आता पंख्यावानी हलवा. तितकंच झपझप." मी हलवलं आणि मनगट ओढलं गेलं.

"सूप तेच. मग जड काहून झालं? कारन त्याच्या अंगाला हवा चिकटती. म्होरली हवा, मागली हवा. कोन हलला की तीबी त्याच्यासंगट हलती. त्याला ती वागवावीच लागती. कंपनीचं वजन हवेसकट, माजं हवेबगर. दोघंबी खरं बोलून राहिलो होतो! मी मुडदा तोलला हो, आन त्यांनी जित्ता!"

मी सूप हातात धरून तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं या हवेत वावरलो, तिच्यात बोललो, शिकवलं, भांडलो. पण तिचं ओझं कोणी वागवत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि हे मला कोणी सांगावं? ज्यानं उभ्या हयातीत फक्त पारड्यातल्या वस्तूवर विश्वास ठेवला, त्यानं!

पंचनामा त्यांनी रीतसर मागे घेतला. सराफ्यात जाऊन जाहीर केलं, "कंपनी निर्दोष!" चहावाल्यानं पुन्हा सही केली. तेव्हापासून कुठलाही छापील कागद दिसला की व्यंकटराव कडाडत, "हवेसकट का हवेबगर? येवडं लिवायला काय शाई सरती का ह्यांची?" कारण सगळे सारखं देत नाहीत. कोणी हवा धरतं, कोणी सोडतं, आणि वाचणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून ते स्वतःच मोजत. कणकेनं मोजताना हवा आपोआप आलेलीच असते, असं त्यांचं म्हणणं.

सोयरीक ठरली. आणि मग ती अडचण उभी राहिली.

आमच्या लोह्याकडच्या घराण्यात विहिणीच्या पंगतीची रीत आहे. लग्न लागलं की नवऱ्या मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, पानाभोवती रांगोळी काढायची, आणि मुलीच्या आईनं तिच्यासमोर गाणं म्हणायचं. त्या गाण्यालाही 'विहीण'च म्हणतात. आमची लेक सांभाळून घ्या, एवढंच त्यात सांगायचं असतं, पण सुरात. गाणं ऐकून विहीणबाईंनी पहिला घास घ्यायचा. तो घेतला की मुलगी पदरात घेतली. तोवर पंगतीत कोणी घास उचलत नाही. शोभानं या दिवसासाठी स्वतः ओव्या रचल्या होत्या. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिची गुणगुण चाललेली असायची:

"लेक दिली हो विहीणबाई, दुधावरची साय,
मीठ विसरली भाजीत तर म्हणा, 'असू दे माय.'"

आणि साखरपुड्याला कावेरीबाईंनी शोभाचे हात धरून सांगितलं, "ताई, मी पंगतीला बसनार न्हाई."

त्यांना ऐकू येत नव्हतं. गेल्या काही वर्षांत हळूहळू गेलं होतं. कानातलं यंत्र होतं, घरात थोडं चालायचं, पण गर्दीत ते सगळ्यांचा मिळून एक कालवा करायचं, म्हणून त्या ते काढूनच ठेवत. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांच्यासमोर अशीच कोणीतरी विहीण म्हटली होती. त्यांना काही कळलं नाही. गाणारीचा गळा दाटला तेव्हा त्या वाढपिणीकडे बघून हसल्या. बायका कुजबुजल्या, "विहिणीला लई गर्व हाय." ते मात्र कोणीतरी नंतर त्यांना नीट, तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलं.

"तुमी जीव लावून म्हननार," त्या शोभाला म्हणाल्या, "आन मी दगडावानी बसनार. तुमचा अपमान व्हईल. माजं पान आतच वाढा."

घरी येताना बस नांदेडजवळ आल्यावर शोभा म्हणाली, "गाणं न म्हणता पोरगी कशी देऊ? कुणाच्या पदरात टाकू?"

मी व्यंकटरावांना फोन केला. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. तर म्हणतात, "त्ये ऱ्हाऊ द्या. मला सांगा, नांदेडात जुने स्पीकर कुठं मिळतात?"

मी फोन ठेवला आणि त्या माणसाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. बायको पंगतीला बसत नाही, आणि हा भंगार शोधतोय!

लग्नाच्या आधी ते खरोखरच नांदेडला आले. आहेराच्या साड्या नाहीत, पत्रिका नाहीत. पिशवीत एक स्पीकर आणि स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रिक काटा. घरात पाहुण्या बायकांची गर्दी. यांनी काटा पाटावर ठेवला आणि फर्मान काढलं, "समद्यांनी या. ह्याच्यावर तीन बोटं ठिवा. दाबायचं न्हाई. पोळी फुगली का बगता, तसं ठिवा."

देगलूरच्या माझ्या मावशीनं बोटं ठेवली आणि विचारलं, "भविष्य बघता का हो?"

"वजन बगतो, आक्का."

"बोटांचं? कामून, इकायची हायत का?"

सगळ्या हसल्या. व्यंकटराव हसले नाहीत. एकेक आकडा बघत होते आणि तेवढी कणीक तोलून स्पीकरच्या कोनावर ठेवत होते. "मरून जातोय," पुटपुटले. "हलका हाय. बोटं ठिवली की ह्यो मरतो. कोकराच्या पाठीवर पैलवान." तो स्पीकर बाजूला सारून ते दुसरा शोधायला बाहेर पडले. नांदेडच्या उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, खिशात कणकेचा गोळा घेऊन. दिवसभर दुकानं पालथी घालून संध्याकाळी परतले तेव्हा हातात गाडीत बसवायचा एक जुना, जडशीळ कोनाचा स्पीकर होता, आणि चेहरा असा, जणू पोराला पहिला नंबर मिळालाय.

"ह्यो बोटांना भीत न्हाई," एवढंच म्हणाले.

शोभा मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? आपली लेक जाते तिथं."

लग्न लागलं. अक्षता पडल्या. कार्यालयाच्या एका कोपऱ्यात पंगत मांडली, रांगोळ्या काढल्या, आणि कावेरीबाईंचा पाट रिकामा. त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. शोभा माइक हातात घेऊन उभी.

व्यंकटराव पंगतीमागच्या कनातीआडून मला खुणावत होते. मी गेलो. आत ते मांडी घालून बसले होते. समोर आवाज वाढवायचं एक छोटं यंत्र, त्याची वायर कनातीखालून पलीकडे गेलेली. अश्विनीला त्यांनी आधीच कानमंत्र दिला होता. नवी नवरी, अंगावर शालू, ती खोलीत गेली आणि सासूला हाताला धरून घेऊन आली. सुनेचं पहिलंच मागणं. कावेरीबाईंना नाही म्हणवेना. त्या पाटावर बसल्या. पानाच्या डाव्या बाजूला, झेंडूच्या फुलांत एक लाकडी खोकं ठेवलेलं होतं, वर कोन उघडा. अश्विनीनं सासूची तीन बोटं धरली आणि त्या कोनावर ठेवली. पोळी फुगली का बघतात, तशी.

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. भंगारवाले, कणीक, ताणकाटा, सूप, हवा! हा माणूस निवृत्त झाल्यापासून एक कोन शोधत होता. इतका जड, की बोटं ठेवली तरी दबू नये. आणि इतका हलका, की माणसाच्या गळ्यामागे धावता यावं.

"तिला आधी दावलं होतं एकदा," व्यंकटराव खाली बघत म्हणाले. "तवा ह्यो न्हवता, हलका होता. बोट ठिवलं की गप व्हायचा. म्हनली, 'ऱ्हाऊ द्या, कशाला जीव काढता.' मग काय, गुपचूप करत बसलो. तिला इच्चारलं असतं तर बोटंबी तोलू दिली नसती."

"पण बोटांना गाणं कळेल?"

"शबुद न्हाई कळनार. चाल कळंल. दम कुठं घेतला ते कळंल."

शोभानं सुरू केलं. मी कनातीच्या फटीतून बघत होतो. कावेरीबाईंची मान खाली, नजर कोनावर. पहिल्या ओळीला त्यांची बोटं दचकली. उचलली, पुन्हा ठेवली. मग दुसऱ्या हाताचा अंगठा गुडघ्यावर हलायला लागला. ठेका बरोबर होता. माझ्या बायकोच्या गाण्याचा ठेका! मावशीनं शेजारणीला कोपर मारलं. सगळी पंगत त्या अंगठ्याकडे बघत होती.

'म्हणा, असू दे माय' या ओळीला शोभाचा गळा दाटला. सूर तुटला. आणि कावेरीबाईंनी, त्यांची नजर तर खाली होती, झटकन मान वर केली. शोभाकडे पाहिलं. उजवा हात पुढं करून तिचं मनगट धरलं. डावी बोटं मात्र कोनावरून काढली नाहीत.

गाणं संपलं. ताटं वाढलेली, वाफा निघत होत्या, पण कावेरीबाई घास उचलेनात. कोन थांबला होता तरी त्या बोटं ठेवून वाट बघत बसल्या होत्या. पाण्यात हात घातलेल्या लहान मुलाला तो बाहेर काढवत नाही, तसं झालं होतं त्यांचं.

व्यंकटरावांना कनातीआडून काही दिसत नव्हतं. त्यांनी माझा सदरा ओढला. "काय झालं? जेवायली का?"

"नाही. बोटं तिथंच आहेत."

मग कार्यालयाकडे जाणारा आवाज त्यांनी पूर्ण बंद केला, फक्त खोक्याचा चालू ठेवला, आणि शेजारचा माइक तोंडाशी नेला. त्यांनी जे म्हटलं, ते हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू आलं नाही. व्यंकटराव इतकं हळू बोलू शकतात, हे लातुरात कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

फटीतून मी पाहिलं. कावेरीबाईंच्या चेहऱ्यावर आधी नवल, मग हसू. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, भर पंगतीत, त्या कोनाकडे बघून म्हणाल्या, "हाव, हाव. घेते की. घाई कामून करून राहिले?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीच तर काही बोललं नव्हतं. कावेरीबाईंनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला. पंगत सुरू झाली. शोभा मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

कनातीआड व्यंकटराव माइक तसाच हातात धरून बसले होते.

"काय म्हणालात हो त्यांना?" मी विचारलं.

"काय न्हाई. 'जेव' म्हनलं."

त्यांनी माइक खाली ठेवला, वायर उगाचच नीट केली.

"रोजच म्हनतो."